जंगलाचा शिक्का आणि माळाचा सवाल

सांगोला तालुक्यात बाहेरचा माणूस ज्याला जंगल म्हणेल असं फारसं काही नाही. माण नदीच्या काठाने थोडी बाभळबनं, वनखात्याची रोपवनं, ओढ्याकडेला माजलेली वेडी बाभूळ, आणि उरलेला सगळा माळ. पाऊस वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर, तोही त्याच्या मर्जीने. अशा ठिकाणी बसून जगातल्या जंगलांच्या प्रमाणीकरणावर लिहिणं कुणाला आगाऊपणाचं वाटेल. पण या विषयावर बोलण्याचा सांगोल्याचा हक्क कॅनडातल्या किंवा फिनलंडमधल्या गावाइतकाच आहे, असं माझं मत आहे. शिक्का कोण मागतं, त्याचे पैसे कोण भरतं आणि त्याचा लाभ कुणाच्या पदरात पडतो, हे इथल्या डाळिंबवाल्याने स्वतः भोगून पाहिलेलं आहे. शिवाय शिक्केवाल्यांच्या हिशेबात ज्या जमिनीला धड जागा नाही, तशी जमीन इथे मैलोन्‌मैल पसरलेली आहे.

आधी डाळिंबाचं बघू. १९९० मध्ये राज्य सरकारने रोजगार हमीला जोडून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आणली आणि माणदेशाचा नूर पालटला. बोरीच्या आणि डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. डाळिंबात आधी गणेश ही जात, मग भगवा. अजनाळ्यासारख्या गावाने शेततळ्यांच्या जिवावर बागा जगवल्या. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली. त्या डब्यांत भरलेल्या मालाला कुणी प्रमाणपत्र विचारलं नाही. ते विचारतं युरोप.

युरोपातल्या किरकोळ विक्रेत्यांनी १९९७ मध्ये युरेपगॅप नावाची नियमावली केली, तीच २००७ पासून ग्लोबलगॅप म्हणून ओळखली जाते. कुठल्याही सरकारने केलेला हा कायदा नाही. दुकानदारांनी घातलेली ही अट आहे, पण माल विकायचा तर कायद्याहून कडक. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मिथोमिलचे अंश सापडले आणि त्या धक्क्यातून ग्रेपनेट जन्माला आलं. त्याच धर्तीवर डाळिंबासाठी अनारनेट. बागेची नोंदणी, रेसिड्यूची तपासणी, खोक्यावरून थेट गट नंबरापर्यंत पोहोचता येईल अशी साखळी. हे सगळं चांगलंच झालं. औषधांची कपाटं कुलूपबंद झाली, रिकाम्या बाटल्या विहिरीत पडायच्या थांबल्या, फवारणी करणाऱ्या गड्याच्या तोंडाला मास्क आला. ज्याने बंदी असलेलं औषध मारलं त्याचा माल मागे आला, आणि गावात चार लोक शहाणे झाले.

पण फवारणीची वही कधी नीट बघा. चार महिन्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. अक्षर शेतकऱ्याचं नसतं, फाइल करून देणाऱ्या पोराचं असतं. तपासनीस येण्याच्या आदल्या दिवशी ‘येथे धूम्रपान करू नये’ची पाटी लागते, प्रथमोपचार पेटीतलं मुदत संपलेलं मलम बदललं जातं. तपासनिसालाही हे कळतं. त्याची फी ज्याची तपासणी व्हायची त्याच्याच खिशातून, म्हणजे आपल्याच खिशातून जाते. मी यात कुणाला लबाड म्हणत नाही. बहुतेक बागाईतदार औषध जपूनच मारतात. फक्त त्यांचा जपून मारण्याचा आणि वहीचा संबंध कमी असतो. वही युरोपासाठी असते. २०२० नंतर सलग पावसाने आणि खोडाला लागलेल्या पिन होल बोररने बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी मुळासकट काढून बांधावर रचल्या, तेव्हा त्या वहीतलं एक पानही कामाला आलं नाही. खरेदीदाराच्या जिवाला धोका नव्हता, म्हणून तो प्रश्न वहीत नव्हता.

हेच सूत्र मनात ठेवून जंगलाच्या शिक्क्याकडे या. निर्यातीच्या डाळिंबाच्या काही पुठ्ठ्याच्या खोक्यांवर खाली कोपऱ्यात एक बारीक खूण असते: झाडाची रेघ आणि बरोबरची खूण एकत्र. ती एफएससीची. हा कागद नीट सांभाळलेल्या जंगलातला आहे, किंवा रद्दीतून पुन्हा केलेला आहे, किंवा मिश्र मालाचा आहे, असं ती सांगते. डाळिंबाचा शिक्का बागेने मिळवलेला, खोक्याचा शिक्का कागद गिरणीने. दोन्ही एकाच टेम्पोतून पॅकहाउसबाहेर पडतात.

जंगलाचा शिक्का निघाला तो सरकारांच्या हातून काही होईना म्हणून. १९८०च्या दशकात उष्ण कटिबंधातली जंगलं ज्या वेगाने पडत होती ते पाहून युरोप-अमेरिकेत सागवानी, महोगनी लाकडावर बहिष्काराच्या चळवळी झाल्या. १९९२च्या रिओ परिषदेत जंगलांसाठी बंधनकारक करार होईल अशी आशा होती. तो झाला नाही. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, पर्यावरणवादी, लाकूड व्यापारी आणि आदिवासींच्या संघटना यांनी मिळून फॉरेस्ट स्ट्यूअर्डशिप कौन्सिल स्थापन केली. तिची रचना मला आजही आवडते. पर्यावरण, समाज आणि व्यापार अशी तीन सभागृहं, तिघांना सारखं मत, आणि प्रत्येकात श्रीमंत व गरीब देशांचा सारखा वाटा. दुकानदारांनी केलेल्या ग्लोबलगॅपपेक्षा ही कल्पना कितीतरी पुढची. युरोपातल्या छोट्या वनमालकांना ती जड वाटली, म्हणून १९९९ मध्ये त्यांनी पीईएफसी हा दुसरा गट उभा केला. देशादेशांच्या योजनांना मान्यता देणं हे त्याचं काम.

तीसेक वर्षांत हा कारभार किती वाढला? पृथ्वीवरच्या सुमारे ४ अब्ज हेक्टर जंगलापैकी साधारण दहावा हिस्सा या दोहोंपैकी एका तरी शिक्क्याखाली आहे. आकडा वाईट नाही. पण नकाशा काढला की गोम कळते. शिक्के आहेत ते मुख्यतः कॅनडा, अमेरिका, स्कँडिनेव्हिया आणि मध्य युरोपात. जी जंगलं तशीही फारशी धोक्यात नव्हती, जिथे वनमालकाचा सातबारा चोख होता आणि नोंदी ठेवायला पगारी माणूस होता, तिथे शिक्का लवकर पोहोचला. ज्या काँगोसाठी, बोर्निओसाठी, ॲमेझॉनसाठी सगळा खटाटोप सुरू झाला, तिथे तो तुरळकच. रशियातही मोठं क्षेत्र होतं. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर दोन्ही संस्थांनी तिथल्या लाकडाला आपला शिक्का बंद केला आणि कोट्यवधी हेक्टर एका फटक्यात यादीतून गेले. झाडं होती तिथेच होती. बदललं होतं ते ग्राहकाचं मन.

शिक्क्याचे टीकाकार इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, सगळं थोतांड. मी त्यांच्याबरोबर जात नाही. काँगोतल्या यालिसिका गावावर २०११ मध्ये पोलीस आणि सैनिकांनी अत्याचार केले. त्यात डान्झर या युरोपातल्या बड्या लाकूड उद्योगाच्या उपकंपनीचाही हात होता, अशी तक्रार झाली. ती लढवली गेली आणि २०१३ मध्ये एफएससीने डान्झरशी संबंध तोडले. त्या गावाला काँगोच्या सरकारकडे किंवा न्यायालयाकडे दाद मागून इतकं तरी मिळालं असतं का? उलट बाजूही आहे. संस्थापकांपैकी ग्रीनपीस इंटरनॅशनलने २०१८ मध्ये एफएससीचं सदस्यत्व सोडलं, कारण नैसर्गिक जंगल वाचवायला हा शिक्का पुरेसा भरवशाचा उरला नाही असं त्यांना वाटलं. शिक्का म्हणजे एक हत्यार आहे. कुणाच्या हातात ते आहे आणि कुठे चालवलं जातं, यावर त्याची किंमत ठरते.

आपल्याकडे कोणत्या हातात आहे ते पाहू. इंग्रजांच्या काळापासून आपलं बहुतेक जंगल सरकारचं. पण कारखान्यांना लागणारं लाकूड आता सरकारी जंगलातून फारसं येतच नाही. १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना सांगितलं, तुमचं लाकूड शेतकऱ्याकडून घ्या. आज प्लायवूड, कागद, पॅकिंगच्या पेट्या यांचा बहुतांश माल बांधावरच्या आणि शेतातल्या निलगिरी, सुबाभूळ, पॉप्लरचा असतो. म्हणून भारतात प्रमाणीकरण वाढवायचं म्हणजे ते ताडोब्यात नेण्याआधी तुमच्या-माझ्या बांधावर आणावं लागेल. सरकारलाही हे कळलेलं दिसतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने भारतीय वन व काष्ठ प्रमाणीकरण योजना जाहीर केली. तिच्यात वनव्यवस्थापनाबरोबर जंगलाबाहेरच्या झाडांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र आहे, आणि चालवण्याची जबाबदारी भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे. खाजगी परदेशी शिक्क्यांच्या फीला आणि मनमानीला पर्याय, असा तिचा पुकारा.

कागदावर झकास. पण बांधावर वीस लिंब, आठ चिंचा आणि कुणाच्या तरी भरीला पडून लावलेली पन्नास महोगनी असणारा घेरडीचा किंवा महूदचा शेतकरी या योजनेत कसा शिरणार? त्याला आधीच महाराष्ट्राचा १९६४चा वृक्षतोड कायदा आहे. अनुसूचित झाड तोडायचं तर अर्ज, पंचनामा, तोडीचा परवाना, मग वाहतुकीचा परवाना. या चकरा टाळायला तो झाड उभ्याउभ्या व्यापाऱ्याला विकतो आणि सगळी कटकट व्यापाऱ्याच्या गळ्यात घालतो. व्यापारी ती भावातून वसूल करतो. त्यावर आणखी एक प्रमाणपत्र म्हणजे आणखी एक फाइल, आणि ती फाइल करून देणारा आणखी एक पोरगा. महोगनीची रोपं देताना बारा वर्षांत एकरी कोटीच्या गोष्टी सांगून गेलेले विक्रेते आठवतात ना? उद्या तेच लोक ‘प्रमाणित महोगनी’ घेऊन येतील, फार लांबची गोष्ट नाही.

यावर तोड आहे, आणि ती सांगोल्याला नवी नाही. ग्लोबलगॅपमध्ये छोट्या बागाईतदारांना गट करून एकच प्रमाणपत्र घेता येतं. एफएससी आणि पीईएफसीतही गटाची सोय आहे. ज्या तालुक्याने शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली, त्याला पाच-पंचवीस गावांच्या बांधावरच्या झाडांची एक संस्था काढणं जड नाही. अट एकच. संस्थेच्या सभासदांना तोडीच्या परवान्यातून सूट मिळाली पाहिजे. प्रमाणपत्र जुन्या कागदाच्या जागी येणार असेल तर शेतकरी ते घेईल. जुन्या कागदाच्या डोक्यावर येऊन बसणार असेल तर कुणी घेणार नाही, आणि घेऊही नये.

आता शिक्क्याच्या बाजूचा माझा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो सागाचा नाही, चंदनाचाही नाही. तो वेड्या बाभळीचा आहे.

वेडी बाभूळ ही अमेरिका खंडातून आलेली, दुष्काळी भागात सरकारनेच पसरवलेली. आज माणदेशापासून मराठवाड्यापर्यंत ती पडीक रानात, ओढ्यात, गावठाणात जिथे तिथे आहे. तिच्या लाकडाचा कोळसा चांगला होतो. दिवाळी झाली की रानात कोळशाच्या भट्ट्या लागतात. मातीने लिंपलेल्या ढिगाऱ्यातून आठवडाभर पांढरा धूर निघत राहतो, शेजारी फाटक्या ताडपत्रीचं खोपट, आणि भट्टीवर राखेने काळवंडलेलं एक कुटुंब. हे कुटुंब पुष्कळदा रायगडातलं कातकरी असतं. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला ते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात येतं. पोत्यामागे ठरलेली मजुरी, किराणा मालकाच्या मार्फत, हिशेब मालकाच्या वहीत. हंगाम संपताना कित्येकदा उचल फिटलेली नसते, वाढलेली असते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६चा. कोळशाच्या भट्ट्यांवरून कातकऱ्यांच्या सुटका त्यानंतरही होत राहिल्या आहेत.

तिकडे आफ्रिकेत नामिबियाच्या गवताळ रानांवरही काटेरी झुडपांनी असंच आक्रमण केलं. शेतकऱ्यांनी ती तोडून कोळसा करायला सुरुवात केली आणि आज युरोपातल्या लोकांच्या अंगणातल्या भाजणीच्या शेगडीत पडणाऱ्या कोळशात नामिबियाचा वाटा मोठा आहे. त्यातला पुष्कळसा एफएससीचा शिक्का घेऊन जातो. शिक्क्याच्या अटींत झुडूप किती तोडायचं, मोठी झाडं कोणती राखायची हे आहेच. त्याबरोबर कामगाराला तंबू की निवारा, पाणी किती लांब, मजुरी कशी दिली, मूल कामावर आहे का, हेही विचारलं जातं. तिथले मजूर सुखात आहेत असा माझा दावा नाही. पण हे प्रश्न विचारायला बाहेरचा माणूस वर्षातून एकदा तरी भट्टीवर येतो. आपल्या भट्टीवर कोण जातं? तलाठी जात नाही, कामगार निरीक्षक जात नाही, आणि कोळसा विकत घेणारा ढाबेवाला तर नाहीच नाही.

दोन्हीकडे झुडूप काटेरी, धंदा सारखा, गवतावरचं संकट सारखं. फरक इतकाच की एका कोळशाचा ग्राहक प्रश्न विचारतो आणि दुसऱ्याचा विचारत नाही. जंगलाचा शिक्का वाढला पाहिजे असं मी म्हणतो ते मुख्यतः यासाठी. ‘शाश्वत’ म्हटलं की आपल्याला झाडांची संख्या आठवते. पण एफएससीच्या नियमांत मजुराचे हक्क पहिल्या काही तत्त्वांतच येतात, आणि आपल्या सगळ्या वनकायद्यांना मिळून जे जमलं नाही ते यात निदान लिहिलेलं तरी आहे. वेड्या बाभळीचा कोळसा हे महाराष्ट्रातलं प्रमाणीकरणाचं पहिलं काम व्हायला हवं. सागाला आधीच पुष्कळ राखणदार आहेत.

इथपर्यंत मी शिक्क्याचा वकील. माळावर आलो की माझं वकीलपत्र परत घ्यावं लागतं.

सांगोल्याचा माळ कुणाला उजाड वाटतो, पण दख्खनी मेंढीच्या एका पोटप्रकाराला सांगोल्याचंच नाव आहे, आणि ती मेंढी, तिची घोंगडी, तिच्या मागे चालणारं धनगराचं कुटुंब हे सगळं याच माळावर उभं राहिलं. मारवेल, पवन्या, कुसळी. पहिल्या पावसाने हिरवा होणारा आणि दसऱ्याला पिवळा पडणारा. उन्हाळ्यात मेंढरं बागायतीत उतरतात आणि रानात बसवली की जमिनीला खत मिळतं. लांडगा, खोकड, चिंकारा यांचं घर हेच. सोलापूर जिल्ह्यात गवताळ माळाची किंमत सरकारला ठाऊक नाही असंही नाही: नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९चं आहे. पण माळढोक दिसतो तिथे माळ अभयारण्य होतो आणि मेंढरू दिसतं तिथे तो पडीक.

पडीक ठरला की त्यावर झाडं लावायची, ही आपली जुनी खोड. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात आधी २ कोटी, मग ४, मग १३, मग ३३ कोटी झाडं लावण्याचे पुकारे झाले. किती जगली यावरून इतका गदारोळ उठला की २०२१ मध्ये विधिमंडळाच्या सदस्यांची चौकशी समिती करावी लागली. त्यातून शिकण्यासारखं एवढंच होतं की खड्डे मोजू नयेत. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने हरित पतगुणांची (ग्रीन क्रेडिट) योजना आणली. कंपनीने पैसे द्यायचे, वनखात्याने आपल्या ताब्यातल्या ‘निकृष्ट’ जमिनीवर झाडं लावायची, आणि कंपनीच्या खात्यावर पतगुण जमा. निकृष्टमध्ये विरळ जंगल, झुडपी रान आणि पडीक हे सगळं बसतं. सुरुवातीला हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती. २०२५ मध्ये नियम बदलले, आता पाच वर्षांनी झाडांचं छत्र ४० टक्के भरलं तर पतगुण. साडेचारशे मिलिमीटरच्या माळावर ४० टक्के छत्र! तसं करायचं तर आधी गवत मारावं लागेल, मग चराईबंदी करावी लागेल, आणि तरीही जगेल ती गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ.

हे झालं आपल्या सरकारचं. जागतिक शिक्के काही फार वेगळे वागले नाहीत. दक्षिण आफ्रिकेत सुमारे १२ लाख हेक्टरांवर निलगिरी, पाइन आणि बाभळीची लागवड आहे, त्यातली बरीचशी पूर्वीच्या गवताळ रानावर, आणि तिचा फार मोठा भाग एफएससीचा शिक्का मिरवतो. जुन्या नियमांचा डोळा होता तो नैसर्गिक जंगल तोडून लागवड करण्यावर. गवत मोडून केलेली लागवड त्यातून निसटली. आता २०२० नंतर संवर्धनाच्या दृष्टीने मोलाचं ठरलेलं गवताळ रान मोडलं तरी ते चालणार नाही अशी दुरुस्ती एफएससीने केली आहे. उशीर झाला, पण झाली. युरोपीय संघाचा २०२३चा जंगलतोडविरोधी कायदा मात्र अजून जंगलापाशीच अडलेला आहे. पाच मीटरची झाडं आणि १० टक्के छत्र असेल तर ते जंगल, नसेल तर हवं ते करा. ब्राझीलमधल्या सेराडोच्या गवताळ पट्ट्याचा बराच भाग त्यामुळे उघडा पडला. तो कायदा लागू व्हायची तारीखही दोनदा पुढे गेली, ते वेगळंच.

म्हणजे एकाच माळावर दोन शिक्के दोन दिशांनी येणार आहेत. एक वेडी बाभूळ काढून गवत मोकळं करणारा, दुसरा गवतावर झाडं दडपणारा. दोन्ही हिरवे, दोन्हींच्या फायली व्यवस्थित. बाहेरच्या तपासनिसाला यातला बरा कोणता ते कसं कळणार? धनगराला कळतं. त्याला विचारायची सोय कोणत्या नियमात आहे?

सोय आहे, आणि तीही महाराष्ट्रातच करून दाखवलेली आहे. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. २००९ मध्ये त्याला वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक म्हणून. तरी बांबू बाहेर न्यायला वनखातं वाहतूक परवाना देईना. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. कुठला बांबू किती वयाचा तोडायचा, कुठे हात लावायचा नाही, पैसा कसा वाटायचा, हे ग्रामसभा ठरवते आणि निर्णय सर्वसहमतीने होतो. त्याआधीच्या काळाशी ताडून पाहा. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमध्ये कागद कारखान्याला बांबू टनाला दीड रुपयाने दिला जात होता, आणि बुरुडांना तोच बांबू बाजारात कितीतरी पट भावाने घ्यावा लागत होता, हे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी दाखवून दिलं. त्या दीड रुपयाच्या बांबूलाही सरकारी परवाना होताच, शिक्क्यासकट.

मेंढ्याच्या बांबूवर कुठल्याही जागतिक संस्थेचं बोधचिन्ह नसलं तरी माझ्या मते भारतातलं ते सगळ्यात भरवशाचं प्रमाणपत्र आहे, कारण चुकीच्या तोडीचा फटका ज्यांना बसणार त्यांनीच ते दिलेलं आहे. बाहेरच्या तपासनिसाची गरज तरीही संपत नाही. ग्रामसभेतही दांडगाई असते, बायकांना बोलू न देणाऱ्या ग्रामसभा मी पाहिलेल्या आहेत, आणि कोळशाच्या भट्टीवरचा कातकरी तर कुठल्याच स्थानिक ग्रामसभेचा सदस्य नसतो. म्हणून दोन्ही सह्या हव्यात. गावाची सही नसेल तर शिक्का नाही, आणि बाहेरच्या माणसाने भट्टीवर जाऊन मजुराशी मालकाच्या अपरोक्ष बोलल्याशिवायही शिक्का नाही. जगभर प्रमाणीकरण वाढवण्याचे जे कार्यक्रम चालले आहेत त्यांच्या यशाचं माप हेक्टर असता कामा नये. अशा दोन सह्यांची किती प्रमाणपत्रं निघाली, हे मोजा.

कुणी म्हणेल, आपला ग्राहक तर शिक्का विचारतच नाही, मग हे सगळं कुणासाठी? खरं आहे. किसान रेल्वेतल्या डाळिंबाला जसा कुणी विचारला नाही, तसाच पुण्यातल्या फर्निचरवाल्यालाही विचारत नाही. सगळा भार युरोपच्या ग्राहकावर टाकून चालणार नाही. तो आपल्या अटी त्याच्या सोयीने बदलतो. पण या राज्यात लाकडाचा आणि कागदाचा एक अवाढव्य ग्राहक आहे आणि तो आपल्या करातून खरेदी करतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये बांधकामात लाकूड वापरायचं थांबवलं होतं, ती बंदी २०२० मध्ये उठली. आता सरकारी इमारतींना दारं-खिडक्या लाकडाच्या लागू शकतात. त्या लाकडाला अट घालता येईल. शाळांची बाकं, तहसीलची टेबलं, निवडणुकीचा कागद. आणि सगळ्यात मोठी खरेदी बालभारतीची. १९६७ पासून ही संस्था राज्यातल्या घराघरात पुस्तकं पोहोचवते आहे, आणि तिची कागदाची खरेदी इतकी मोठी आहे की गिरण्या तिची अट डोक्यावर घेतील.

बालभारतीने पुढच्या कागदाच्या निविदेत काही हिस्सा तरी प्रमाणित शेती-लाकडाचा असावा, आणि त्या प्रमाणपत्रावर गावाची सही असावी, अशी अट घालावी. सोलापूर जिल्ह्याच्या कामगार विभागाने येत्या हंगामात कोळशाच्या भट्ट्यांची नोंद करावी. आणि सांगोल्यातल्या ज्या ज्या गावाच्या शिवाराला वनखात्याचा माळ लागून आहे, तिथल्या ग्रामसभेने वनहक्क कायद्यातला चराईचा सामूहिक दावा आत्ताच दाखल करावा. अनुसूचित जमातीबाहेरच्या लोकांना पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. धनगरांना तो दाखवायला जुने कागद, देवस्थानांच्या नोंदी, म्हाताऱ्यांचे जबाब गोळा करावे लागतील आणि त्याला वेळ लागतो. पतगुण घ्यायला निघालेल्या कंपनीला तेवढा वेळ लागणार नाही.